लेकीच्या खोलीतला पंखा

माझं काम चांगलं झालं की ते ऐकू येत नाही. कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे मी असे बसवतो की ते फिरतायत हे गिऱ्हाइकाला हात लावून बघावं लागतं. तीस वर्षं हा धंदा करतोय, आणि घोंघावणारा डबा दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, "चालतंय ना, मग झालं." चालतंय तर खरं, पण तशी करकरणारी खाटही चालते. झोप लागते का तिच्यावर?

टेलरबाईंच्या लेकीने तिचा डबा दुकानात आणून टेकवला, तेव्हा मी तिला तेवढंच ओळखत होतो: टेलरबाईंची लेक. टेलरबाई मात्र जुन्या ओळखीच्या. माझ्या दुकानात विकायला ठेवलेल्या यंत्रांची कापडी कव्हरं त्याच शिवतात, आणि अशी मापात शिवतात की कोपऱ्यावर सुरकुती पडत नाही. लेक तिशीची, बारीक, डोळ्यांखाली काळं, बोलायला मोजकी. घरी बसून नकाशे करते. वरून काढलेले फोटो घ्यायचे, त्यांवरून रस्ते, ओढे, घरं रेखायची, आणि मग यंत्राला सगळं जुळवायला लावायचं. हे जुळवणं सुरू झालं की डबा तापतो आणि पंखे बोंबलायला लागतात.

"काका, मीटिंगमध्ये लोक विचारतात, तुमच्याकडे विमान उतरतंय का?" ती म्हणाली. "महिनाभराने मोठ्या कामासाठी माझी निवड होणार आहे. आवाजावरून हसं नको व्हायला."

मी डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. पुढच्या जाळीवर तंतूंचा गालिचाच बसला होता. लाल, निळा, पांढरा, मध्येच जरीचा एखादा चमकता कण. आई भिंतीच्या अलीकडे दिवसभर शिवते, लेक पलीकडे नकाशे काढते, आणि आईच्या कापडांची लव दाराखालून जाऊन लेकीच्या पंख्यात बसते. पुढचे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. तिघांचीही बेअरिंगं गेलेली. मागच्याला तर अशी लकब लागली होती की दर चार-पाच सेकंदांनी तो घसा खाकरायचा.

मी तिन्ही बदलले. नव्या पंख्यांना चार तारा असतात. चौथ्या तारेवरून यंत्र पंख्याला सांगतं, आता हळू, आता जोरात. ते कधी सांगायचं हे आपण ठरवायचं. पडद्यावर एक रेघ असते, डावीकडून उजवीकडे उष्णता वाढत जाते, खालून वर वेग. त्या रेघेवरचे ठिपके मी बोटाने सरकवत बसतो. बायको म्हणायची, तुम्ही मुलांना झोपवताना एवढे हळुवार नव्हतात. मी स्क्रूऐवजी रबरी खुंट्या लावल्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. दोऱ्याचा तुकडा पेनाला बांधून प्रत्येक पंख्यासमोर धरला आणि हवा कुठून कुठे जाते ते पाहिलं. मग माझी आवडती करामत केली: डबा थंड असेल तेव्हा पंखे पूर्ण बंद. नुसते हळू नाहीत, थांबलेलेच. काम चढलं की हलकेच फिरायला लागतील, उतरलं की पुन्हा गप्प.

डबा घरी बसवायला मी स्वतः गेलो. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत टेलरबाईंचं शिलाई मशीन मधल्या भिंतीला लागून, आतल्या खोलीत त्याच भिंतीला लागून लेकीचं टेबल. मी बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. लेक हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला बरं वाटलं.

बाहेर टेलरबाई मशीन थांबवून बसल्या होत्या.

"सुरू झाला?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच," मी ऐटीत म्हणालो. "टाचणी पडली तरी ऐकू येईल आता."

"म्हणजे आवाज अजिबात येणार नाही?"

"अजिबात."

त्यांनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोन वेळा चुकला. त्या बाईंचा दोरा चुकताना मी कधी पाहिलं नव्हतं, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की यांनी माझं कौतुक केलं नाही. मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी टेलरबाई दुकानात आल्या. हातात कव्हरं नव्हती. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"भाऊ, ते जुने पंखे टाकले का तुम्ही?"

"आहेत भंगारात. का?"

"परत बसवा."

मी आधी हसलो, मग भडकलो. मला राग लवकर येतो, त्याला इलाज नाही. म्हटलं, "ताई, तीन दिवस खपलोय मी त्या डब्यावर. तुम्ही शिवलेला ब्लाउज कोणी उलटा घालायला मागितला तर द्याल का?"

"देईन," त्या म्हणाल्या. "तिला उलटाच हवा असेल तर देईन."

मग त्या बसल्या आणि घडलेलं सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला लेकीने चहाचा कप आत नेला आणि दाराला आतून कडी घातली. दहा वाजले, साडेदहा झाले, अकरा झाले. भिंतीपलीकडे काही नाही. टेलरबाईंनी मशीन बंद करून भिंतीला कान लावला. काही नाही. दारावर थाप मारली, हाक मारली. उत्तर नाही. मग त्या समोरच्या सुताराकडे अनवाणी धावल्या. सुतार भला माणूस. त्याने काही न विचारता पटाशी आणली आणि दोन फटक्यांत कडी उखडली. दार उघडलं तर लेक कानांवर मोठे हेडफोन लावून मीटिंगमध्ये बोलत होती. पडद्यावर अकरा चेहरे. त्या अकरांनी तिच्या मागे एक रडणारी बाई आणि पटाशी घेतलेला सुतार पाहिला.

"ती काय म्हणाली?"

"तिथे काहीच नाही. मीटिंग संपली आणि मग म्हणाली, आई, मला वेगळी खोली बघावी लागेल." टेलरबाईंनी पदराने तोंड पुसलं. "कालपासून एक शब्द नाही. सुताराने नवी कडी बसवून दिली, ती मात्र लगेच लावून घेतली."

मला अजूनही कळत नव्हतं. लेक कामात असेल, एवढं धावायचं काय कारण? मी तसं बोललोही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग ते सांगितलं जे त्यांनी बहुतेक कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लेक दुसऱ्या गावात नोकरीला होती, एकटी राहायची. तिला एक आजार झाला. अंगाला काही नाही, मनाचा. ती हळूहळू उठेनाशी झाली. फोनवर म्हणायची, बरी आहे, काम आहे. एकदा तीन दिवस फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी घरमालकाने दार तोडलं. "डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो," टेलरबाई म्हणाल्या. "मी तिला घरी आणली. डॉक्टरांनी मला बजावलं, सारखं मागे लागू नका. तासातासाला दार वाजवू नका. तिला वाटायला नको की आपल्यावर पहारा आहे. मी म्हटलं, बरं. पण भाऊ, बरं म्हणणं सोपं आहे. मशीनवर बसायचे आणि शिवण वाकडी जायची. मग एके दिवशी तिचा तो पंखा ऐकू आला."

त्यांना त्या आवाजाचं सगळं पाठ होतं. सकाळी दहाला एकदम घर्र होतं, म्हणजे लेक उठून बसली. मग मंद चालतं, म्हणजे वाचतेय. चढायला लागलं की नकाशा जुळतोय. जेवायला उठली की उतरतं. मागच्या पंख्याचं ते खाकरणंसुद्धा. "माझ्या मशीनच्या खडखडीतूनही मला ते ऐकू यायचं. दोन वर्षं मी एकदाही तिचं दार वाजवलं नाही. गरजच पडली नाही."

आणि मी त्यांच्या त्या दोन वर्षांवर रबरी खुंट्या ठोकून आलो होतो. माझे कान तापले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हे.

"तिला सांगून टाका ना," मी म्हणालो.

"काय सांगू? की दोन वर्षं आई भिंतीला कान लावून बसलीय? मग ती खरंच जाईल." त्या उठल्या. "तुम्हीच काहीतरी निमित्त काढा. नवे पंखे खराब निघाले म्हणा. पण तिला कळता कामा नये."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या गेल्यावर भंगाराच्या खोक्यातून तिन्ही पंखे काढले, पुसले आणि टेबलावर ओळीने मांडून ठेवले. पुढे काय करायचं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच लेक दारात. हातात तोच डबा. तिची नजर टेबलावरच्या पंख्यांवर गेली, मग माझ्यावर.

"आई येऊन गेली," ती म्हणाली. विचारलं नव्हतं, त्यामुळे मीही उत्तर दिलं नाही. मला खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प बसता येतं.

ती स्टुलावर बसली. "सुतार कडी बसवत होता तेव्हा आई त्याला म्हणाली, पंख्याचा आवाज नव्हता हो, म्हणून घाबरले. मी आतून ऐकलं. रात्रभर विचार केला, आणि मग एकेक आठवायला लागलं. मी यंत्र सुरू केलं की पलीकडे हिचं मशीन सुरू व्हायचं. मी बंद केलं की थांबायचं. मला वाटायचं, योगायोग." तिने ओठ दाबून धरले. "काका, मी चिडले होते ना, ते त्या अकरा लोकांसाठी नव्हतं. मला वाटलं, हिला अजून वाटतंय की मी मरेन."

"वाटतंय खरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मला काम करून द्या एक. तो खाकरणारा पंखा परत बसवा. आणि असं करा की तो सकाळी दहाला सुरू होईल, संध्याकाळी सहाला बंद. मध्ये चढेल, उतरेल. यंत्र सुरू असो किंवा नसो. हे होतं ना?"

होतं. अर्ध्या तासाचं काम. मी पेचकस हातात घेतला, आणि मग एकदम थांबलो.

"यंत्र सुरू नसो म्हणजे? कुठल्या दिवसांसाठी?"

ती खाली बघत राहिली. "असतात काही दिवस. अजून असतात. महिन्यात दोन, कधी तीन. त्या दिवशी मी यंत्र सुरू करून नुसती पडून राहते. नवे पंखे थांबतात, तसे जुने थांबायचे नाहीत, म्हणून आईला कळायचं नाही. त्याच दिवसांसाठी हवंय. तिला त्रास नको."

मी पेचकस खाली ठेवला. "मी हे करणार नाही."

"का?"

मग मात्र माझा तोल गेला. "कारण पंखा उष्णतेवर फिरतो! आत तापलं तर तो बोंबलतो, नाही तर गप्प बसतो. तीस वर्षांत मी खोटं बोलणारा पंखा बसवला नाही. तुझी आई भिंतीपलीकडे निवांत शिवत बसेल, पंखा छान चढेल, उतरेल, आणि तू आत... मी तुझ्या आईला तोंड कसं दाखवू? ती कव्हरं शिवते माझी."

शेवटचं वाक्य फारच बावळट होतं. तिलाही हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पाठ करून उगाच खोकी हलवत बसलो. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते समजत नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग मी काय करू? त्या दिवसांत मला दार उघडून 'आई, आज नाही जमत' एवढं पण बोलता येत नाही. तोंडातून शब्दच निघत नाही. तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळत," मी कबूल केलं. "हात हलतो का?"

"काय?"

"त्या दिवशी. पडल्या पडल्या हात हलतो का?"

तिने विचार केला. "बहुतेक वेळा."

खोकी हलवताना माझ्या हाताला जुन्या टेबलफॅनचा टायमर लागला होता. गोल खटका, पिळला की टिकटिक करत दोन तास चालतो आणि मग आपोआप बंद. मी तिला तो दाखवला. कल्पना सरळ होती. नवे तीन पंखे डब्यात जसेच्या तसे राहतील, त्यांची रेघ मी थोडी वर सरकवतो. पूर्ण थांबणार नाहीत आणि काम चढलं की भिंतीपलीकडे ऐकू जातील. तो कामाचा आवाज. आणि खाकरणारा जुना पंखा मी वेगळ्या छोट्या चौकटीत घालून देतो, पलंगाजवळ ठेवायचा. त्याचा यंत्राशी संबंध नाही. त्याला फक्त हा खटका.

"हा पिळलास तर दोन तास फिरेल. म्हणजे काम नाही, पण मी आहे. दोन तासांनी बंद पडेल. पुन्हा पिळायचा. तुझ्या हाताशिवाय तो फिरणार नाही, आणि एकदा पिळून दिवसभर फसवताही येणार नाही. हे मी करून देतो."

ती खटका हातात घेऊन पिळत राहिली. टिकटिक, टिकटिक.

"आईला काय सांगायचं?"

"पंख्याचं काम माझं," मी म्हणालो. "ते तुझं."

दोन दिवसांनी ती सगळं घेऊन गेली. त्यानंतर महिना-दीड महिना दोघींपैकी कोणी आलं नाही. मी आपला रोज कव्हरांची वाट बघत होतो, म्हणजे कव्हरांची असं स्वतःला सांगत होतो. एकदा सुतार रस्त्यात भेटला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "कडी शाबूत आहे." एवढ्यावर समाधान मानलं.

मग एके सकाळी टेलरबाई बारा कव्हरांचा गठ्ठा घेऊन आल्या. या वेळी खुर्चीवर आपणहून बसल्या.

"वेगळी खोली?" मी विचारलं.

"ते नाव नाही काढलं पुन्हा." त्यांनी गठ्ठा सोडायला घेतला. "त्या दिवशी तुमच्याकडून आली, चौकट पलंगाशी ठेवली, खटका पिळला. आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. दोघी भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, ऐकू येतो? मी म्हटलं, येतो. म्हणाली, हा वाजला की मी आहे, आई. बस्स, एवढंच. मला सगळं समजलं. तिला पण समजलं की मला समजलं."

"मग आता बरं चाललंय."

"चाललंय." त्यांनी एक कव्हर उलगडलं, पुन्हा घडी घातली. "मोठ्या कामाची निवड पण झाली तिची. पण मागच्या मंगळवारी सकाळपासून खाकरणाराच चालू होता. अकरा वाजता बंद पडला, पुन्हा लागला. एकला बंद पडला. मी थांबले. शिवण उसवत बसले उगाच. दीड वाजले तरी लागला नाही."

मी हातातलं काम ठेवून दिलं.

"उठले. दारापाशी जाऊन हात वर केला वाजवायला, तर दार नुसतंच लोटलेलं. कडी काढलेली होती, भाऊ. तिने सकाळीच काढून ठेवली होती." त्यांनी कव्हराची कड बोटाने दाबली. "ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागली तर म्हणाली, आई, हात पोचत नव्हता."

आमच्या दोघांच्या मध्ये बारा कव्हरं पडली होती, आणि मी त्यांचे कोपरे तपासल्यासारखं करत होतो.

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, राहू दे, मी पोचले ना. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं, गोळ्या बदलल्या. तिला कपभर दूध पाजलं. आणि दारातून मशीन ओढत तिच्या खोलीत नेलं. सुतार आला हात लावायला. संध्याकाळपर्यंत तिथेच शिवत बसले. ती झोपली. एवढ्या खडखडीत झोपली." टेलरबाई हसल्या. "अजून मशीन तिथेच आहे. तीच म्हणाली, असू दे."

काहीतरी कामाचं बोलणं भाग होतं, नाही तर माझी शोभा झाली असती. "ताई, त्या खोलीत शिवताय म्हणजे सगळी लव थेट पंख्यात जाणार. पंधरा दिवसांत जाळी बुजेल."

"बुजू दे," त्या उठत म्हणाल्या. "तुम्ही येऊन साफ करा."